रॅम घेण्याआधी कॅबिनेट उघडा

बीड जिल्ह्यात जुलै हा कॉम्प्युटरचा घाम काढणारा महिना. खरिपाचा पीक विमा भरण्याची मुदत सहसा जुलैअखेर असते. त्याच दिवसांत प्रवेशासाठी जातीचे, उत्पन्नाचे, नॉन-क्रिमीलेअरचे दाखले काढायला गर्दी होते. गेवराईपासून अंबाजोगाईपर्यंत कोणत्याही सेवा केंद्रात डोकावा: ब्राउझरच्या एका टॅबमध्ये विम्याचे पोर्टल, दुसऱ्यात सातबारा, तिसऱ्यात आपले सरकार, चौथ्यात व्हॉट्सॲप वेब, शिवाय स्कॅनर चालू आणि प्रिंटर चालू. मशीन हँग होते, रांगेतला शेतकरी घड्याळ बघतो आणि केंद्रचालक ठरवतो, आता रॅम वाढवलीच पाहिजे.

निर्णय बहुतेक वेळा बरोबर असतो, गडबड होते ती खरेदीत. आष्टीचा माणूस अहिल्यानगरला जातो, अंबाजोगाई-परळीचा लातूरला, गेवराईचा छत्रपती संभाजीनगरला. दुकानात जाऊन तो म्हणतो, "आठ जीबीची रॅम द्या." दुकानदार विचारतो, "कोणती?" आणि इथे संवाद संपतो. रॅमच्या पिढ्या वेगळ्या, लांबी वेगळी, व्होल्टेज वेगळे. चुकीची आणली तर बदलायला पुन्हा एसटीचे भाडे आणि बुडालेला दिवस. म्हणून निघण्याआधी घरीच काय पाहायचे, ते इथे सांगतो.

रॅमच कमी पडतेय ना?

मोंढ्याचे उदाहरण घ्या. माल साठतो ते गोदाम म्हणजे हार्डडिस्क आणि सौदा चालतो तो ओटा म्हणजे रॅम. ओटा लहान असला की थोडी पोती आणायची, ती परत आत न्यायची, दुसरी काढायची, यातच दिवस जातो. कॉम्प्युटर रॅम भरल्यावर नेमके हेच करतो. जागा पुरेना झाली की डिस्कवर माल हलवतो, आणि डिस्क रॅमच्या मानाने फारच संथ.

ओटा खरोखर भरला आहे का, हे विंडोजच सांगते. नेहमीचे सगळे काम उघडून ठेवा आणि ऐन गर्दीच्या वेळी कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणे एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. त्यात परफॉर्मन्सखाली मेमरी पाहा. वापर सतत ८५ टक्क्यांच्या वर असेल तर रॅम घ्या. मेमरी ४५-५० टक्क्यांवर आणि डिस्क मात्र १०० टक्क्यांवर अडकलेली असेल, तर रॅम वाढवून काडीचा फरक पडणार नाही. त्या मशीनला एसएसडी हवी. फिरत्या तबकडीची हार्डडिस्क काढून साधी साटा एसएसडी बसवली की दहा वर्षांपूर्वीचा कॉम्प्युटरसुद्धा ओळखू येत नाही. माझे स्पष्ट मत असे की ज्या मशीनमध्ये अजून जुनी हार्डडिस्क आहे आणि निदान ८ जीबी रॅम आहे, तिथे पहिला पैसा एसएसडीवरच घालावा.

आणखी एक गोष्ट पाहा. सेटिंगमध्ये सिस्टिम, मग अबाउट उघडल्यावर '३२ बिट' असे दिसले, तर ती विंडोज ४ जीबीच्या पुढे रॅम वापरूच शकत नाही, प्रत्यक्षात सव्वातीन-साडेतीनच हाती लागते. अशा ठिकाणी आधी ६४ बिटची विंडोज टाकावी लागेल.

पिढी आधी, जीबी नंतर

आज जिल्ह्यात वापरात असलेल्या मशीनमध्ये चार पिढ्यांची रॅम सापडते: डीडीआर२, डीडीआर३, डीडीआर४ आणि डीडीआर५. डीडीआर३ बाजारात आली २००७ मध्ये, डीडीआर४ २०१४ मध्ये आणि डीडीआर५ची मशीन २०२१च्या शेवटी. एका पिढीची स्टिक दुसऱ्या पिढीच्या स्लॉटमध्ये बसत नाही. डेस्कटॉपच्या डीडीआर२ आणि डीडीआर३ दोन्हींना २४० पिना, डीडीआर४ आणि डीडीआर५ दोन्हींना २८८. त्यामुळे पिना मोजून ओळख पटत नाही. फरक असतो तो खालच्या खाचेच्या जागेत. खाच जुळत नसेल तर थांबा. जोर लावून बसवलेली रॅम बोर्ड घेऊन मरते.

प्रोसेसरवरून पिढीचा अंदाज बांधता येतो. इंटेलच्या कोअर आय मालिकेत दुसऱ्या, तिसऱ्या आणि चौथ्या जनरेशनला डीडीआर३ लागते. सहाव्यापासून अकराव्यापर्यंत बहुतेक सगळीकडे डीडीआर४, पण सहाव्या-सातव्याच्या काही बोर्डांवर डीडीआर३एलही दिसते. बारावी, तेरावी आणि चौदावी जनरेशन हा खरा घोटाळा: प्रोसेसर दोन्ही पेलतो, म्हणून डीडीआर४ की डीडीआर५ हे बोर्ड ठरवतो. एएमडीचे हिशेब सोपे आहेत. एएम४ सॉकेटचे रायझन असेल तर डीडीआर४, एएम५चे असेल तर डीडीआर५च.

डीडीआर३ आणि डीडीआर३एल यांत एका अक्षराचा फरक दिसतो, पण तो महत्त्वाचा. साधी डीडीआर३ दीड व्होल्टवर चालते, एल असलेली १.३५ व्होल्टवर. एल वाली स्टिक दोन्हीकडे चालते, साधी मात्र चौथ्या जनरेशननंतरच्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये चालत नाही. लॅपटॉपसाठी घ्यायची असेल तर डोळे झाकून एल वाली मागा.

डेस्कटॉपला लॅपटॉपची रॅम

डेस्कटॉपची स्टिक सुमारे साडेतेरा सेंटिमीटर लांब असते आणि लॅपटॉपची जवळपास निम्मी, पावणेसात सेंटिमीटरच्या आसपास. मोठीला डिम म्हणतात, छोटीला सोडिम. इतके सरळ असताना फसगत कशी होते?

पुण्या-मुंबईच्या कंपन्यांनी काढून टाकलेले ब्रँडेड कॉम्प्युटर आता तालुक्याच्या गावांपर्यंत पोचले आहेत. डेलचे ऑप्टिप्लेक्स, एचपीचे एलिटडेस्क, लेनोव्होचे थिंकसेंटर. मशीन दणकट असतात, किंमत परवडते. यांतले जे चपटे, मॉनिटरच्या मागे चिकटवता येणारे मायक्रो किंवा टायनी प्रकारचे डबे असतात, ते दिसायला डेस्कटॉप पण आतून लॅपटॉपच. त्यांना सोडिम लागते. ऑल-इन-वनचेही बहुधा तेच. दुकानात "डेस्कटॉपची रॅम द्या" म्हटले की दुकानदार डिम देतो आणि चूक कुणाचीच नसते.

मॉडेलच्या नावावर विसंबणेही धोक्याचे. डेलने ऑप्टिप्लेक्स ७०१० हे नाव २०१२च्या मशीनला दिले होते, ज्यात डीडीआर३ आहे. मग २०२३ मध्ये तेच नाव तेराव्या जनरेशनच्या नव्या मशीनला पुन्हा दिले, ज्यात डीडीआर३ लागण्याचा प्रश्नच नाही. नाव सांगून ऑनलाइन शोधले तर दोन्हींची रॅम समोर येते. डेलच्या मशीनवर सात अक्षर-अंकांचा सर्व्हिस टॅग चिकटवलेला असतो. तो कंपनीच्या संकेतस्थळावर टाकला की नेमके त्याच मशीनचे तपशील मिळतात. एचपी आणि लेनोव्होच्या मशीनला सिरियल नंबरवरून हेच करता येते.

पातळ लॅपटॉपमध्ये तर रॅम बोर्डावर डाग देऊन कायमची बसवलेली असते. काहींत थोडी अशी जडवलेली आणि जोडीला एक रिकामा स्लॉट असतो, काहींत स्लॉटच नसतो. टास्क मॅनेजरमधल्या त्याच पानावर खाली 'स्लॉट्स यूज्ड' अशी ओळ असते, पण जडवलेली रॅमही ती कधी कधी स्लॉट म्हणून मोजते. खात्री हवी असेल तर खालचे झाकण उघडून बघणे हाच मार्ग.

बोर्ड किती पेलतो

स्लॉट रिकामा आहे म्हणून वाटेल तेवढी रॅम चालेल असे नाही. आपल्याकडच्या असेंबल्ड मशीनमध्ये वर्षानुवर्षे तीन चिपसेट ठाण मांडून बसले आहेत. जी३१ हा डीडीआर२चा, मर्यादा ४ जीबी. जी४१ची मर्यादा ८ जीबी, आणि दोन स्लॉटच्या बोर्डावर एका स्लॉटला ४ जीबीपेक्षा मोठी स्टिक नको. दुसऱ्या-तिसऱ्या जनरेशनचा एच६१ दोन स्लॉटमध्ये मिळून १६ जीबी घेतो.

बोर्डाचे नाव कळायला कॅबिनेट उघडायची गरज नाही. स्टार्टमध्ये 'सिस्टिम इन्फर्मेशन' शोधा, त्यात बेसबोर्ड प्रॉडक्ट या ओळीत मॉडेल दिसते. ते नाव कंपनीच्या संकेतस्थळावर टाका आणि मेमरीची कमाल मर्यादा वाचा. जी३१च्या मशीनमध्ये रॅम घालायचा विचार मात्र सोडूनच द्या. त्या पैशात कंपन्यांकडून उतरलेले चौथ्या जनरेशनचे सेकंड हँड मशीन शोधणे शहाणपणाचे.

जुन्या स्टिकवरचे लेबल वाचा

सगळ्यात भरवशाची माहिती आत बसलेल्या स्टिकवरच असते. लेबल बारीक असते, मोबाइलने फोटो काढून मोठा करा. नमुना असा: ८जीबी, १आरएक्स८, पीसी४-२६६६व्ही-यूए२. यातले पीसी४ म्हणजे डीडीआर४. पीसी३ असेल तर डीडीआर३, पीसी३एल असेल तर कमी व्होल्टेजवाली. २६६६ हा वेग. नंतरच्या भागातले पहिले इंग्रजी अक्षर दुकानदारही कधी वाचत नाही, पण काम तेच करते: यू म्हणजे डेस्कटॉपची साधी रॅम, एस म्हणजे लॅपटॉपची, आर म्हणजे सर्व्हरची.

वेगाचा आकडा दोन पद्धतींनी लिहितात आणि त्यातून उगाच गोंधळ होतो. डीडीआर३-१६०० हीच पीसी३-१२८००. डीडीआर४-३२०० हीच पीसी४-२५६००. दुसरा आकडा पहिल्याच्या आठपट असतो, इतके लक्षात ठेवले तर पुरे. सीपीयू-झेड नावाचे मोफत सॉफ्टवेअर तिसराच आकडा दाखवते, निम्मा. २६६६च्या रॅमला ते १३३३च्या आसपास सांगते. रॅम खोटी नाही, ते घड्याळाचे ठोके मोजते आणि डीडीआर एका ठोक्याला दोनदा माहिती देते.

जुन्या स्टिकपेक्षा नवी वेगवान असेल तर दोन्ही हळू वेगावर चालतात. बिघाड काही होत नाही. म्हणून जुनी २४०० असताना बाजारात ३२००च मिळाली तरी बिनधास्त घ्या, पण वेगासाठी जादा पैसे मोजू नका.

सॅमसंगच्या स्टिकवर पार्ट नंबर एम३७८ने सुरू झाला तर डेस्कटॉपची, एम४७१ने सुरू झाला तर लॅपटॉपची, एम३९३ने सुरू झाला तर सर्व्हरची.

फक्त एएमडीसाठी

ऑनलाइन बाजारात अर्ध्या किमतीत ८ जीबीची डीडीआर३ दिसली की हात पुढे जातो. खाली बारीक अक्षरांत लिहिलेले असते, 'ओन्ली फॉर एएमडी'. या स्टिकवरच्या चिपांची अंतर्गत मांडणी अशी असते की इंटेलचे बोर्ड ती ओळखत नाही. मशीन चालूच होत नाही, नाहीतर अर्धीच रॅम दाखवते. विक्रेत्याने लिहून ठेवले असल्यामुळे भांडायलाही जागा उरत नाही.

दुसरा स्वस्त माल भंगारात काढलेल्या सर्व्हरचा. ही रजिस्टर्ड रॅम, म्हणजे लेबलावर आर असलेली. क्षमता मोठी, किंमत कमी, पण घरच्या आणि दुकानातल्या साध्या बोर्डावर ती चालत नाही. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून कुणी पाहुणा 'स्वस्तात मिळाली' म्हणून घेऊन आला, तर आधी ते अक्षर तपासा.

सेकंड हँड रॅमला मात्र नाक मुरडू नका. रॅममध्ये फिरणारा भाग नसतो, ती झिजत नाही. चांगल्या कंपनीची, ब्रँडेड मशीनमधून निघालेली सॅमसंग, हायनिक्स किंवा मायक्रॉनची जुनी स्टिक ही अनोळखी नावाच्या नव्या स्टिकपेक्षा बरी. अट एकच: दुकानदाराने निदान महिन्याची टेस्टिंग वॉरंटी लिहून द्यावी. डीडीआर३ तर आता सेकंड हँडच घ्यावी.

किती घ्यायची

पोर्टल, फॉर्म, वर्ड, एक्सेल यांना ८ जीबी पुरते. एकाच मशीनवर दिवसभर वीस टॅब उघडे राहत असतील, टॅली चालत असेल किंवा डीटीपीच्या दुकानात कोरलड्रॉ आणि फोटोशॉप शेजारी शेजारी उघडे असतील तर १६. लग्नाचे व्हिडिओ एडिट करणाऱ्याने ३२ घ्यावी. घरी मुलाच्या एमएस-सीआयटीच्या सरावासाठी १६ जीबी हवीच, असे कुणी सांगत असेल तर तो मुलाचा नव्हे, स्वतःच्या गल्ल्याचा विचार करतोय.

एक मोठी की दोन लहान? वेगळे ग्राफिक कार्ड नसलेल्या मशीनमध्ये, आणि आपल्याकडची बहुतेक तशीच, दोन सारख्या स्टिक लावल्या तर प्रोसेसरला दोन रस्ते मिळतात. याला ड्युअल चॅनल म्हणतात. ८ची एक असेल तर तशीच ८ची दुसरी जोडा. पुढे वाढवायचे नक्की असेल आणि स्लॉट दोनच असतील, तर आज एकच मोठी घेऊन दुसरा स्लॉट मोकळा ठेवणेही चालते.

सध्याचा बाजार

२०२५च्या उत्तरार्धात रॅमचे भाव असे चढले की जुने ग्राहक चक्रावले. काही महिन्यांत दर दुपटीच्याही वर गेले. कारण बीडमध्ये नाही, मुंबईतही नाही. जगातली बहुतेक रॅम सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन या तीन कंपन्याच बनवतात, आणि कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी उभ्या राहणाऱ्या डेटा सेंटरना लागणाऱ्या मेमरीत त्यांना जास्त नफा आहे. कारखान्याची क्षमता तिकडे वळली, आपल्यासारख्यांच्या वाट्याचा माल आटला. डिसेंबर २०२५ मध्ये मायक्रॉनने क्रुशियल या नावाने ग्राहकांना होणारी विक्री बंद करत असल्याचे जाहीर केले. आधी घेतलेल्या मालाची वॉरंटी पाळू, असेही सांगितले. शिल्लक माल दुकानात दिसला तर घ्यायला हरकत नाही, बिल तेवढे सांभाळा.

याला दुसरी बाजू आहे. विंडोज १०चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि विंडोज ११ अधिकृतपणे इंटेलच्या आठव्या जनरेशनपासून पुढेच चालते. म्हणजे तिसऱ्या-चौथ्या जनरेशनच्या मशीनमध्ये महागडी नवी रॅम घालणे हा आतबट्ट्याचा व्यवहार. तिथे सेकंड हँड ८ जीबी, एक एसएसडी आणि लिनक्स मिंटसारखी मोफत प्रणाली टाकली तर ब्राउझरवरचे काम आणखी काही वर्षे निघते. मात्र बोटांच्या ठशांचे यंत्र आणि जुना स्कॅनर लिनक्सवर चालतो का, हे आधी तपासा. सेवा केंद्रांची गाडी तिथेच अडते.

बसवताना

मशीन बंद करा, वायर काढा आणि चालू करायचे बटण काही सेकंद दाबून धरा, म्हणजे आत उरलेली वीज निघून जाते. लॅपटॉप असेल तर बॅटरीची पिन काढा. आपल्याकडे हिवाळ्यात आणि उन्हाळ्यात हवा कोरडी असते, अंगावर स्थिर वीज साठते. स्टिकला हात लावण्याआधी कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावा. सोनेरी पट्ट्यांना बोट लावू नका. जुनी स्टिक काढलीच आहे तर तिच्या पट्ट्या पांढऱ्या खोडरबरने हलक्या पुसून घ्या. धुळीच्या गावात निम्म्या 'रॅम गेली'च्या तक्रारी एवढ्यानेच मिटतात.

खाच जुळवून दोन्ही टोकांवर सारखा दाब द्या, क्लिप आपोआप खट् आवाज करून बसेल. चार स्लॉटचे बोर्ड असेल तर दोन स्टिक सहसा प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये लावतात. चालू केल्यावर नुसतेच बीप वाजले तर बहुधा स्टिक नीट बसलेली नाही. डीडीआर५च्या मशीनमध्ये पहिल्यांदा स्क्रीन मिनिटभर किंवा जास्तही काळी राहते. घाबरून बंद करू नका, बोर्ड नव्या रॅमशी जुळवून घेत असते.

३२००ची रॅम २१३३ किंवा २४००च दाखवत असेल तर बायोसमध्ये एक्सएमपी चालू करावे लागते. बोर्डात ती सोय नसेल तर तेवढ्यावर समाधान मानायचे. शेवटी स्टार्टमध्ये 'विंडोज मेमरी डायग्नोस्टिक' शोधून रात्रभर तपासणी लावा. एकही चूक दाखवली तर स्टिक परत करा. 'चालतंय ना, राहू द्या' म्हणू नका. सदोष रॅम फाइली बिघडवते, आणि ते कळते तेव्हा उशीर झालेला असतो.

बिल आणि तक्रार

दुकानात जाताना जुनी स्टिक कागदात गुंडाळून बरोबर न्या. ते जमत नसेल तर लेबलाचा, बोर्डाच्या नावाचा आणि टास्क मॅनेजरच्या पानाचा फोटो न्या. जीएसटीचे बिल घ्या आणि त्यावर कंपनी, क्षमता, पिढी व स्टिकचा सिरियल नंबर लिहून घ्या. रॅमवर १८ टक्के जीएसटी आहे. तेवढे वाचवण्यासाठी कच्च्या पावतीवर माल घेतला तर दोन वर्षांनी वॉरंटी मागायला तोंड उरत नाही.

माल सदोष निघाला आणि विक्रेता दाद देईना, तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार, विक्रेता दिल्लीचा असला तरी तक्रार तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात, म्हणजे बीडमध्येच करता येते. त्यासाठी मुदत दोन वर्षांची आहे आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क लागत नाही.